शेजारणीचे देव

परवा केडगावात आमच्या प्रार्थनेच्या बैठकीत एका तरुणाने विचारलं, देव एकच आहे, तर मग पवित्र शास्त्रात इतरांनाही देव का म्हटलंय? झालं, सगळे तावातावाने बोलू लागले. दूत, न्यायाधीश, राजे, मूर्ती, सगळ्यांची हजेरी झाली. एरवी मीही तुटून पडले असते, पण मला पत्र्याचा एक डबा आठवत होता.

आमचं गाव जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कोरडं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. आमची शेजारीणही जायची. मागे तिची सासू राहायची आणि देवपूजा सांभाळायची. त्या वर्षी सासू वारली. निघायच्या आदल्या दिवशी शेजारीण देव्हाऱ्यातले चांदीचे टाक डब्यात घालून आमच्या दारात आली.

"ताई, एवढे देव ठिवून घ्या. तिकडं पाचटाच्या कोपीत न्हेले आन् हरवले तर?"

वडील आमच्या चर्चचे पंच. शाळेतून ते निवृत्त झाले होते, ‘माझ्याखेरीज दुसरे देव नकोत’ या पहिल्या आज्ञेतून नाही. "भावकीत ठेव की," ते म्हणाले.

"भावकीत दिले तर देव आता आमचेच म्हनून बसत्याल. तुमी यांना देव मानतच न्हाई, गुर्जी. म्हनून तुमच्याकडं घोर न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाली, "दिवा नका लावू. फकस्त पाय लागू देऊ नका."

आईने डबा घेतला. वडील बरेच दिवस धुसफुसत होते. "देवच नाहीत, तर पाय लागल्यानं काय बिघडतं?"

"दुसऱ्याच्या लेकराला पाय लावता का?" आई भाकरी थापता थापता म्हणाली. त्यावर वडिलांनी शास्त्र उघडलं. दुसरं काय करणार!

त्या हिवाळ्यात ते एका स्तोत्रापाशी अडकले. त्यात देव इतर देवांच्या सभेत उभा राहतो आणि गरिबाला, पोरक्याला न्याय दिला नाही म्हणून त्यांना फैलावर घेतो. हे सभेतले देव कोण? चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, त्यांना देव हे नाव दिलंय, देवपण नाही. वडिलांना ते पटलं, पण पुरलं नाही. डबा मात्र त्यांनी स्वतःच जमिनीवरून उचलून कपाटावर ठेवला. कारण सांगितलं वाळवीचं. आई तोंडाला पदर लावून हसली.

पाडव्याच्या सुमारास शेजारीण परतली. पार वाळून गेली होती. आईने डबा काढून दिला. तिने झाकण उघडलं, टाकांकडे बघत राहिली आणि आमच्या ओसरीतच बोलू लागली. आमच्याशी नाही, त्यांच्याशी.

"मी तुमाला जपलं. तुमी माझ्या पोटातलं लेकरू न्हाई जपलं. मोळी उचलताना गेलं ते."

तिने झाकण लावलं आणि डबा आईकडे सरकवला. "ऱ्हाऊ द्या हितंच. मला न्हाई पायजेत."

आई तिला कवेत घेऊन रडली. मीही रडले. मग वडिलांकडे पाहिलं आणि मला त्यांचीच भीती वाटली. आता हे आपला देव सांगायला बसतील, याहून चांगली संधी पंचाला कधी मिळणार?

वडील उठले. डबा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. "चल पोरी, घरी ठेवून येऊ. इथं ठेवलेस तर भांडशील कुणाशी?"

भर दुपारी, सगळ्या आळीच्या देखत, चर्चचे पंच शेजारणीचे देव घेऊन चालले. तिच्या दारात त्यांनी चपला काढल्या.

संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो. स्तोत्र त्यांनी उघडलंच नाही. डोळे मिटले. मग आपल्या एकुलत्या एका देवाला त्यांनी विचारलं, "आणि तू कुठं होतास?"