पाईपावरचं पोतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्याच भरवशावर, की तुम्ही आमच्या अंगणात कधी येणार नाही, तो नळ पाहणार नाही. आणि माझ्या वहिनीशी तुमची गाठ पडायचा तर प्रश्नच नाही.

सुरुवात कुठून करू? नळापासूनच करतो. थंड मुलखात म्हणे नळ गोठतात, पाईप फुटतात, म्हणून लोक त्यांना चिंध्या गुंडाळतात. वर्ध्याजवळच्या आमच्या आंजी गावात सगळं उलटं. होळी झाली की ऊन असं चढतं, की अकरानंतर अंगणातल्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून आम्हीही गुंडाळतोच — जुनी पोती. टाकीपासून नळापर्यंतच्या पाईपाला पोतं लपेटायचं, सुतळीनं आवळायचं, रोज सकाळी त्यावर बादलीभर पाणी मारायचं. आमची टाकी घराच्या मागे, नळ पुढे, आणि मधला सगळा पाईप टिनाच्या छपरावरून येतो. ते टीन दुपारी तव्यासारखं तापतं. पोतं बांधायचं काम घरात माझं. माझं नाही तर कुणाचं? हार्डवेअरचं दुकान माझं आहे. उन्हाळ्यात पाईप घ्यायला आलेल्या प्रत्येकाला मी फुकटचा सल्ला देतो, की बाबा रे, पाईप झाकून ठेव. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण करणाऱ्यानं मला पाहिलंच असावं.

आठ वर्षं झाली. त्या वर्षी चैत्रात छपरावर एक सांधा गळायला लागला. कुठून गळतोय ते कळावं म्हणून मी सगळी पोती सोडली, सॉकेट बदललं, आणि पोती तिथेच टिनावर ढीग करून खाली उतरलो. उद्या बांधू म्हटलं. दुकानात कूलरची गर्दी होती. उद्याचा परवा झाला आणि पुढे तर मी ते विसरूनच गेलो.

विसरलो असं म्हणतोय — पण ते खरं आहे का? नाही. कारण एके दिवशी जेवताना बाबांनी विचारलं होतं, "पोतं बांधलं काय रे पाईपाले?" आणि मी ताटातून मान वर न करता म्हणालो होतो, "हो बाबा, बांधलं." म्हणजे मला आठवण होती. फक्त शिडी लावायचा कंटाळा होता. एवढंच. यापेक्षा मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

आता बाबांविषयी सांगायला हवं. त्यांना जुनी शुगर होती. पायांना काही समजत नसे — काटा रुतला तरी रक्त दिसल्यावरच कळायचं. पण सवय मोडली नव्हती. दुपारी चौकातून आले की नळासमोरच्या दगडावर बसायचे, धोतर गुडघ्यापर्यंत घ्यायचे आणि पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. पाणी जपून वापरायचे. करंगळीएवढी धार सोडायचे आणि तिच्याखाली पाय धरून बसून राहायचे. पाईप झाकलेला असला की त्यात काही धोका नव्हता. त्यांना वाटत होतं, तो झाकलेला आहे. मीच सांगितलं होतं ना.

त्या दिवशी मी दुकानातून जेवायला आलो, तर बाबा दगडावर बसलेले. किती वेळचे बसले होते, देव जाणे. मी हात धुवायला वाकलो आणि धार बोटांवर पडताच हात मागे ओढला. भाजला होता. करंगळीएवढी धार, तापलेल्या टिनावरून रांगत आलेली — ती किती तापेल हे माझ्याइतकं गावात कुणाला ठाऊक?

"काऊन रे, काय झालं?" बाबांनी विचारलं.

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पावलं लाल झाली होती. उजवं जास्त.

"काई नाई बाबा," मी म्हणालो. "चला आत."

इथे थांबतो जरा. लिहिताना हात थांबतोच. कारण सगळं इथेच वाचवता आलं असतं. ओरडलो असतो, माठातलं पाणी पायांवर ओतलं असतं, दवाखान्यात नेलं असतं — शिव्या खाल्ल्या असत्या, आणखी काय? पण नाही. होईल कमी, उन्हानं लाल झालं असेल, असं मनाला सांगत मी ताटावर जाऊन बसलो. आणि जेवलो. हो, पोटभर जेवलो.

मग सगळे आडवे झाल्यावर मी शिडी लावली. भर दुपारी, पायाला चटके बसत असताना, छपरावर चढून पोती ओली केली आणि पाईपाला बांधली. टाकीपासून नळापर्यंत, एक इंचही उघडा न सोडता. इतकं नीट मी ते त्याआधी कधी बांधलं नव्हतं.

वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. बाबांचं सगळं तीच करायची. सुनेनं करावं त्यापेक्षा जास्तच. टाचा फुटायच्या म्हणून रोज संध्याकाळी घमेल्यात कोमट पाणी आणि मीठ घालून त्यांचे पाय बुडवायची. त्या संध्याकाळीही तिनं ते केलं. बाबांची नजर मंद होती आणि ओसरीत उजेड कमी. तिला लाली दिसली नाही. मला माहीत होती. मी समोरच्या खाटेवर बसून ते पाहत होतो. पाणी पुन्हा त्याच पायांवर.

सकाळी फोड आले होते. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पाय गरम पाण्यात ठेवले होते का? आम्ही तिघं उभे होतो — दादा, वहिनी आणि मी. वहिनी लगेच म्हणाली, "हो साहेब. मीनंच ठेवले. मले वाटलं कोमट आहे." दादानं तिच्याकडे पाहिलं. घरी आल्यावर नळाचंच पाणी तापलं होतं का ते पाहायला तो शिडीवर चढला, छपरावर डोकावला आणि खाली येऊन म्हणाला, "पाईप तं झाकून आहे." आणि मग तिला, सगळ्यांसमोर, "तुले साधं पाणी पाह्यता आलं नाई काय?"

ती खाली मान घालून उभी राहिली. मी तिथेच होतो.

आधी बोटं कापली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. वर्षाच्या आत बाबा गेले. शेवटपर्यंत वहिनीच त्यांचं ड्रेसिंग करायची. बाबा तिला एकदाही रागावले नाहीत. उलट म्हणायचे, "जाऊ दे बाई, तुनं काई मुद्दाम केलं काय?" या वाक्यानं ती जास्तच रडायची. आणि मला ते पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं.

वाटलं होतं, काळ जाईल तसं ती विसरेल. पण वहिनी पाण्याला भ्यायला लागली. अंघोळीचं पाणी घेताना आधी बोट, मग कोपर, मग पुन्हा बोट. पाहुण्यांना चहा स्वतः देत नाही, माझ्या बायकोला द्यायला लावते. लोकांना तो स्वभाव वाटतो.

या वर्षी तिची मुलगी रेणू बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. आमच्याकडे बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचा मान आजीचा. वहिनीनं नकार दिला. गावातली एक बाई लावली. रेणू चिडली, "आई, माया पोरीले तू हात बी लावत नाई. काऊन?" वहिनी म्हणाली, "बाई, माया हाताले पाण्याची पारख नाई." रेणू रडत आत गेली. तिला त्यातलं काय कळलं असेल? मला सगळं कळलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? आठ वर्षांत निदान त्या एका दिवशी? मी चपला घालून दुकानात निघून गेलो.

परवा होळी झाली. आज सकाळी पोती बांधायला छपरावर चढलो. खाली वहिनी शिडी धरून उभी होती, एकेक पोतं भिजवून वर देत होती. आत न्हाणीत ती बाई बाळाला न्हाऊ घालत होती आणि बाळ टाहो फोडत होतं. वहिनीच्या खांद्यावर बाळाचा कोरडा पंचा होता. ती वर न पाहता म्हणाली, "भाऊजी, त्या साली तुमी पोतं बांधून ठेवलं होतं, म्हणून बरं झालं. नाई तं मी म्हणलं असतं, नळानंच केलं असन. अन् जलमभर तुमच्यावर बोल ठेवला असता."

मी सुतळी आवळत होतो. खाली पाहिलं नाही.

"बांधलं काय नीट?" तिनं विचारलं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "बांधलं."