मामांचा निळा टब

वस्तूला मरू न देण्याची विद्या कुणाला पूर्णपणे साधली असेल, तर ती आमच्या मामासासऱ्यांना. त्यांच्या घरात वस्तूला निवृत्ती नसते, फक्त बदली असते. झिजलेला ब्रश दातांकडून कंगव्याच्या सेवेत जातो, तिथून सायकलच्या चेनीकडे, आणि केस झडून नुसती दांडी उरली की पायजम्यात नाडी ओवण्याच्या मानाच्या जागेवर स्थिरावतो. अंघोळ ते मोठ्या घमेल्यात बसून करतात. ते पाणी कढीपत्त्याला जाते. त्यामुळे आज साबण लावायचा की नाही, हे कढीपत्त्याच्या तब्येतीवर ठरते.

मी मात्र पन्नाशी उलटल्यावर, एक व्याख्यान ऐकून, पर्यावरणाकडे वळलो. एका रविवारी घरातले सगळे प्लास्टिक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवले आणि काचेच्या बरण्या, बांबूचे ब्रश, तागाच्या पिशव्या मागवल्या. प्रत्येक वस्तूवर 'सस्टेनेबल' असे छापलेले. मामांनी अर्थ विचारला. पुढच्या पिढ्यांनाही पुरेल असे जगणे, असे मी जरा गंभीरपणेच सांगितले. त्यांनी बरणी उलटीसुलटी करून पाहिली.

"मग ते विकत कसं काय मिळतंय, जावईबापू?"

मी हसलो. ते हसू नळाच्या दिवसापर्यंतच टिकले. आमच्या शहरात नळ रोज येत नाही. येतो तेव्हा वाटीसुद्धा भरून ठेवावी लागते. मामा वरच्या मजल्यावरून उतरले आणि आपला निळा टब शोधू लागले. वर पाणी चढत नाही म्हणून तो आमच्या नळाशी असे. मामींनी घेतलेला, आणि त्या गेल्यानंतर तीनदा तडकलेला. दर वेळी मामांनी तापल्या तारेने प्लास्टिक वितळवून त्याला टाके घातले होते. तो टब मी पृथ्वीच्या कल्याणार्थ भंगारात दिला होता.

"प्लास्टिकचा होता," एवढेच मला बोलता आले.

"व्हय. तुमच्या मामींनी आणला तव्हाबी प्लास्टिकचाच होता," ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी सायकल काढली.

मी मान खाली घालून स्कूटरवरून मागोमाग गेलो. शहागंजच्या मागच्या भंगाराच्या वखारीत बाकी प्लास्टिकचा चुरा झालेला होता; टब मात्र एका कडेला शाबूत उभा होता. मामांना जुने ओळखणारे वखारवाले चाचा त्यांना म्हणाले, "सिलाई देखतेच समझ गया, मास्टर. तोड्याच नै."

परतताना टब सायकलच्या कॅरियरवर होता आणि मी पायी, स्कूटर वखारीतच सोडून. मी माफी मागू लागलो.

"ते ऱ्हाऊ द्या. कड धरा, डुगडुगतोय."

यंदा टब चौथ्यांदा तडकला. मामांचे हात आता थरथरतात, म्हणून तार मी धरली. ते शेजारी बसून नुसते सांगत राहिले. माझा टाका किंचित गळतो. मी खजील होऊन त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी कढीपत्त्याची कुंडी हळूहळू ओढत आणली आणि त्या थेंबाखाली सरकवली.