अळ्यांचा दिवस ठरवणारी कसुबाची आई

रात्रभर कोसळून पाऊस पहाटे मुचिंगाच्या डोंगरामागं गेला, तरी झाडं थेंब गाळतच होती. कसुबाची आई अंगणात नाचणी पाखडत बसली होती. रानाच्या फाटकाशी बायकांच्या बादल्या खडखडल्या, तसं तिनं सूप खाली ठेवलं न् कमरेचं लुगडं आवळून निघाली.

राखीव रानातल्या खायच्या अळ्या वर्षातून दहाच दिवस वेचायला मिळत. ते दहा दिवस कधी धरायचे, हे गेली पंचवीस वर्षं तीच सांगायची. गेल्या साली मात्र फसली. कोवळ्याच वेचल्या गेल्या, उकडून वाळवल्यावर दोऱ्याएवढ्या उरल्या. मुखियानं बजावलं होतं, "यंदा चुकलीस तर हा मान तुझ्या सुनेचा." का चुकली, ते तिलाच ठाऊक. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, फांदीवरची अळी दिसतच नव्हती.

फाटकावर रानाचा राखणदार जेरे उभा होता. तो न्गोनी, ही बेंबा. या दोन जमातींत नातंच चेष्टेचं, कुणी काही बोललं तरी रागवायची सोय नाही.

"आली का माकडखाऊ!"

"तुझा रात्रीचा उंदीर पचला का रे?"

"काल खुंटीवरच्या माझ्या कोटाला मीच समजून टाळ्या वाजवून नमस्कार घातलास की!"

बायका फिदीफिदी हसल्या. डोळ्यांचं बिंग फुटतंय की काय, असं हिला वाटलं. पण बोलली, "कोट बरा तुझ्यापरीस. उगाच तोंड वाजवत नाही."

हत्तींनी मोडून टाकलेल्या फांद्या ओलांडत सगळ्या मुटोंडोच्या झाडांखाली पोचल्या, मागोमाग जेरेही आला. सून म्वाबा वर बघून ओरडली, "सासूबाई, बोटाएवढ्या झाल्यात! काढूया ना!"

"थांब जरा."

कसुबाच्या आईनं खांद्यावरचं कापड बुंध्याशी अंथरलं न् त्याच्या कडेला बसली. आधी नुसतेच थेंब पडले. जेरे म्हणाला, "निजायला आलीस होय?" ऊन वर आलं, पानं निथळली, मग कापडावर बारीक टपटप सुरू झाली. अळ्यांच्या लेंड्या. तिनं चिमटीत धरून एकेक चाचपली. अळी पिकली की लेंडी ज्वारीएवढी होते. या होत्या नाचणीएवढ्या.

"आज नाही. परवा."

"अगं, टरारल्यात नुसत्या!" बायका करवादल्या.

"पावसाचा पाला खाऊन फुगल्यात. पिळून बघा."

म्वाबानं एक काढून पिळली. आत हिरवा चोथा, साल कांद्याच्या पापुद्र्यागत. दुसरी पिळली, तीच गत. बायकांनी बादल्या पालथ्या घातल्या न् त्यांवरच बसल्या.

जेरे हळूच म्हणाला, "कोटाचं मी मुखियाला सांगणार नाही हां."

"सांग की. दिसत नाही मला," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "गेल्या साली डोळ्यांवर विसंबले, तिथंच फसले. माझी आजी कापडच अंथरायची."

म्वाबानं कापडावरच्या लेंड्या तळहातावर घेतल्या न् डोळे मिटून चाचपायला लागली. "सासूबाई, ही कशी वाटते?"

"नाचणीच. परवा तूच बस कापडाशी, मी शेजारी असेन."

घरी येईतो कोंबड्यांनी निम्मी नाचणी उधळली होती. "हुश!" करत तिनं सूप उचललं.