ससाण्याची अंडी उघडी पडली

मंडळी, आज सकाळी जुन्नरच्या घरी आई आणि मी कॉम्प्युटरवर परदेशातल्या एका ससाण्याच्या घरट्याचा लाइव्ह कॅमेरा बघत होतो. तिथे संध्याकाळ होत आली होती, बर्फ भुरभुरत होता. नर कालपासून फिरकलाच नव्हता. शेवटी उपाशी मादी अंड्यांवरून उठली आणि उडून गेली.

"आगं, अंडी गार पडत्याल! कुनाला तरी फोन लाव की!" आई ओरडली.

तेवढ्यात घरट्यात दुसराच ससाणा उतरला. आमच्या जोडीच्या पायांत ओळखीसाठी घातलेली कडी आहेत, याच्या पायात कडं नव्हतं. तो अंड्यांकडे वाकला आणि आमची लाइट गेली.

आत्ता लाइट आलीय, पण तिथे रात्र झालीय. पडदा नुसता काळा आहे. आई समोरून उठायला तयार नाही.

तुमच्यापैकी कुणी पाहिलं का, पुढे काय झालं?