हिरव्या काठाचा दुपट्टा

पिंडाला कावळा शिवला नाही, तर तुम्ही कुणाकडे बघता — झाडाकडे, की खाली हात जोडून उभ्या असलेल्या माणसाकडे?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बाबांच्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांवर वाढलेली मी, गावाला खरं बोलायला शिकवत फिरते — आणि हे मात्र सहा वर्षं दाबून ठेवलं.

आमच्या बेला गावाकडच्या शेतात, ओढ्याकाठी, एक कडुनिंब आहे. त्यावरचे कावळे माझ्या कोंबडीची पिल्लं उचलायचे. एका दुपारी मी कुंपणावर वाळत घातलेला शेजारच्या नामाकाकांचा दुपट्टा तोंडाला गुंडाळला — पिवळा, हिरव्या काठाचा — आणि बांबूने कावळ्यांचं घरटं पाडलं. दोन पिल्लं मेली. दुपट्टा होता तिथे परत टाकला.

दुसऱ्या दिवसापासून काका तो घेऊन निघाले की कावळे डोक्यावर झेपावायचे. मी उघड्या तोंडाने गेले — काही नाही. नुसता पिवळा दुपट्टा गुंडाळून गेले — तरी नाही. काठ हिरवा दिसला, की सगळं झाड ओरडायचं. काय ती नजर! एकदाच पाहिलेलं, ते काठासकट ध्यानात. मला त्यांचं कौतुकच वाटायचं, खोटं कशाला बोलू? काकांना सांगायचं राहून गेलं — नाही, राहून गेलं नाही. सांगितलं नाही.

त्याच महिन्यात काकांची आई गेली. दहाव्याला त्याच ओढ्याकाठी पिंड ठेवला. काकांच्या खांद्यावर तोच दुपट्टा. कावळे फांद्यांवर जमले, ओरडले, पण पिंडापाशी एकही उतरला नाही.

"नामा, बुडीचं काय राह्यलं रे?" कुणीतरी विचारलं.

"पोटभर जेवू घातलं नसन," माझ्याजवळची बाई पुटपुटली.

काका हात जोडून म्हणत राहिले, "माय, काऊन रुसली वं? काय चुकलं माह्यं?"

काका, दुपट्टा काढून ठेवा — एवढंच तर म्हणायचं होतं. मी चार पावलांवर उभी होते. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

त्या वर्षी मी अंधश्रद्धेवर पत्रक लिहिलं, बाजारात वाटलं. काकांनीही एक घेतलं. आईच्या नावाने पान वाढताना ते अजून आधी माफी मागतात. कावळे चुकले नव्हते. तो काठ त्यांना मीच शिकवला होता.

आज हा कागद घेऊन मी काकांच्या ओसरीवर जाते आहे. तुम्ही एक करा. पुढच्या दहाव्याला कावळा अडला, तर काय राहिलं असं कुणाला विचारू नका. झाडाकडे बघा, मग त्या माणसाच्या अंगावर काय आहे ते बघा — आणि ते काढून ठेवायला सांगा.