पुलियावरचा थांबा

मले लहानपणापासून आवाज काढाची खोड. मास्तरचा खोकला, पिठाच्या चक्कीचा पट्टा, यष्टीचा गिअर. शाळेत त्याच्यापायी मार खाल्ला, अन् नोकरी त्याच्याचपायी टिकून हाये असं मले वाटते. अमरावती-अकोला हायवेच्या दुरुस्तीवर मी गस्तीच्या गाडीत हावो. खड्डा दिसला, कठडा वाकला, कुत्रं मेलं, का फोटो काढून ग्रुपवर टाकाचा. अन् सोमवारच्या मिटिंगमंदी चहा येईपर्यंत सगळ्यायले हसवाचं.

हे मिटिंग आमच्या कामाची खास गोष्ट. पयले सरकारी साहेब एकीकडं, ठेकेदार दुसरीकडं, अन् मंधात तपासणीवाली कंपनी. खड्डा पडला का तिघं एकमेकाच्या नावानं बोटं मोडत. आताचा करार सामायिक. एका टेबलावर बसाचं, कोनी कोनावर ढकलाचं नाई, अन् मोठा निर्णय तिघंबी 'हो' म्हनतीन तवाच. आमच्या गाडीचे ड्रायव्हर चाचा पयल्याच दिवशी म्हने, "बारभाईची खेती, काय लागंन हाती." मी म्हनलं, "चाचा, तुमी समोर पाहा."

ते पुलिया बडनेऱ्याच्या पुढं, आमच्या गावाच्या अलीकडं. तिले नाव नाई. खालून नाला, दोन्हीकडून काळी माती. ट्रक गेला का सांध्यावर 'खटक-खटक' वाजे. तो आवाज मले पाठ होता. पाऊस सरल्यावर एक दिवस गाडीची काच खाली होती, अन् सोयाबीनचा एक ट्रक आमच्या समोरून गेला. खटक वाजलं, अन् त्याच्या मांगून 'ढब'. रिकाम्या कोठीत बसून कोनं आतून बुक्की मारावं, तसं.

"चाचा, आयकलं?"

"ट्रकचा पाटा ढिल्ला असंन बे."

दुसरा ट्रक गेला. ढब. चाचानं आमची गाडी पुलियावरून पुढं घेतली.

सोमवारी म्या तो आवाज काढून दाखवला. सगळे हसले. साहेब म्हणाले, "वा! आता म्हशीचा काढ." म्हशीचा बी काढला, काय करता. एकट्या तपासणीवाल्या मॅडम हसल्या नाई. दुसऱ्या दिवशी त्या हातोडी घेऊन आल्या, डांबरावर ठोकत ठोकत गेल्या, अन् एका जाग्यावर थांबल्या. मंग त्यायनं साहेबाले बलावलं, ठेकेदाराच्या म्यानेजरले बलावलं. तिघायनंबी आयकलं. आवाज आयकू न येनं हे अडचन नोतीच.

पुढच्या मिटिंगमंदी मॅडम म्हणाल्या, "एक बाजू बंद करू या."

साहेब म्हणाले, "माझी काहीच हरकत नाही. पण वाहतूक गावातून वळवावी लागेल. ठेकेदारांचं काय मत?"

म्यानेजर म्हणाले, "आमची पूर्ण तयारी आहे सर. फक्त डांबराखाली पोकळी किती आहे ते मॅडमनी लिहून द्यावं."

"ती मोजायला भोक पाडावं लागेल. त्यासाठी आधी रस्ता बंद हवा."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "मग एकमत होऊ द्या."

अन् चहा आला.

घरी म्या ते आख्खी मिटिंग तिन्ही आवाजात करून दाखवली. माय हसून हसून खोकलली. ताई बी हसली. माही मोठी बहीन ताई नांदगाव पेठेत कपड्याच्या कंपनीत शिवनावर हाये, कंपनीच्या बसनं जाते-येते. मंग म्या पुलियाचा आवाज काढला.

"हा कायचा रे?"

"पुलियाचा."

"कोनत्या?"

"तुह्या बसच्या रस्त्यावरच्या."

ताईचं हसनं गेलं. "मंग बंद काहून नाई करत?"

"तिघं 'हो' म्हनाले पायजे."

"अन् पुलिया कोनाले विचारनार हाये?"

दुसऱ्या दिवशी तिनं पुलियाच्या अलीकडं बस थांबवली. बसवाला कावला, "हे काय बगिचा हाये का ताई, फिराले?" पन ती उतरली, तिच्या मांगून बाकीच्या उतरल्या. डबे घेऊन काठाकाठानं चालत गेल्या, रिकामी बस मांगून आली, अन् पल्ल्याड सगळ्या चढल्या. आमी गाडीतून पाहून राह्यलो होतो. एरवी बस येते तवा कलकलाट असते. त्या दिवशी निस्ते डबे वाजत होते.

मंग कालेजच्या पोरायचा ऑटो थांबू लागला. मंग काळीपिवळी. काहून उतराचं हे बऱ्याच जनायले मालूम बी नोतं. बाकीचे उतरतात म्हून उतरत.

ते फोटो बी म्या रोजच्यासारखे टाकले. सोमवारी साहेबानं चष्मा लावून पाह्यले. "इथं लोक चढउतार करतात. म्हणजे थांब्याची मागणी आहे."

"करून टाकू सर," म्यानेजर म्हणाले. "शेड तयारच आहे."

मी म्हनलं, "साहेब, ते चढउतार नोय. लोक भेऊन उतरून राह्यले."

"तू आवाज काढ रे, मत नको काढू," म्यानेजर म्हणाले. लय हसले सगळे. मॅडमनं पुलियाचा विषय पुढच्या मिटिंगले घ्या म्हनून सांगतलं, अन् थांब्याले 'हो' दिला. कराराच्या पयल्या दिवसापासून तिघायचं एकमत तवाच झालं.

हप्त्याभरात शेड उभं झालं. निळं छप्पर, सिमेटचा बाक, पुलियाच्या काठालेच. पयले बस पुलियावरून निघून तरी जाये. आता थांब्यासाठी पुलियावरच उभी राहाते, भरलेली; उतराचं ते बी तिथंच. मांगं दुसरी. बाकावर म्हातारे बसतात, पाय हालवत.

आज संध्याकाळी ताई आली, अन् डबा ओट्यावर ठेवून उभीच राह्यली. तिनं जिंदगीत कोनाची नक्कल केली नाई.

"आज ढब नाई वाजलं," ती म्हनली. "आज असं वाजलं."

तिनं तोंडानं आवाज काढला. खोल, लांब. वल्ल्या भिताडाच्या मांगून माती सरकत जाते तसा. म्या काढून पाह्यला. मले जमला नाई.

मिटिंग सोमवारी. बस उद्या सकाळीच.

म्या चाचाले फोन लावला. "चाचा, उद्या बसच्या अगोदर आपली गाडी पुलियाच्या अलीकडं आडवी लावाची. लाल झेंडा, ड्रम, जे असंन ते."

"किसके हुकूम से?" चाचानं इचारलं. "तिघायचा हो लागते नं?"

म्या घसा खाकरला. साहेबाच्या आवाजात म्हनलं, "हो." मॅडमच्या आवाजात, "हो." म्यानेजरच्या, "हो सर."

चाचा हसले नाई. म्हने, "डिझल भरून ठेवतो."