लपवलेल्या गोळ्या

त्या उन्हाळ्यात माझी औषधावरची श्रद्धा डळमळली होती, हे आधीच कबूल करते. अंडाशयाचा कर्करोग दुसऱ्यांदा उलटला होता. माझी आई याच आजारानं गेली. तिचाच जनुकातला दोष माझ्या रक्तात उतरल्याचं तपासणीत निघालं. केमो संपल्यावर नागपूरच्या डॉक्टरबाईंनी रोजची गोळी सुरू केली. म्हणाल्या, "केमोनं मोडलेल्या कर्कपेशी स्वतःला पुन्हा दुरुस्त करून घेतात. ही गोळी त्यांची दुरुस्तीच अडवते. म्हणजे केमो वाया जात नाही."

माझ्या मनात मात्र 'दुरुस्ती अडवते' एवढंच रुतून बसलं. देवीनं शरीराला दिलेली सांधण्याची शक्ती मीच गिळून मारते आहे, असं वाटू लागलं. दोन महिन्यांत चार पावलं चाललं तरी धाप लागायला लागली, तशी मी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवू लागले. एकोडीच्या आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, यजमानांनाही नाही.

आठव्या दिवशी भर दुपारी मी तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या देवीकडे गेले. तलाव पार आटला होता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. पायरीवर एक अनोळखी म्हातारी बसलेली होती. तिच्या हिरव्या लुगड्यातून पाणी निथळत होतं.

"गोळ्या डब्यात लपवून इथं काहून आलीस, पोरी?" ती माझ्याकडे न बघताच म्हणाली.

मी तिच्यासमोर खालच्या पायरीवर बसले.

"तुह्या मायले हे औषध भेटलं नाही. तुले भेटलं, त तू लपवून ठेवून राहिली? आजच रक्त तपासून घे. उद्यावर नको टाकू." तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. तो विहिरीच्या तळासारखा गार होता. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पायरी रिकामी होती. ओली पावलं भेगाळलेल्या तळाकडे उतरत गेली होती आणि मध्येच थांबली होती.

घरी येऊन यजमानांना सगळं सांगितलं. "मले काहून नाही सांगितलं तू?" एवढंच ते म्हणाले आणि मोटरसायकल काढली. साकोलीला रक्त तपासलं, तर अंगात रक्त उरलंच नव्हतं म्हणावं इतकं कमी. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "हा गोळीचाच त्रास आहे, पण यावर उपाय असतो. लपवायचं नसतं हो. आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं." रक्त चढवलं, काही दिवसांनी गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली. पुढच्या स्कॅनमध्ये गाठी आकसलेल्या दिसल्या.

गावात खूप विचारलं. तशी म्हातारी कुणीच पाहिलेली नाही. ती कोण होती, हे मी आता विचारत नाही. नुसते हात जोडते. शरण जाणं म्हणजे औषध सोडून देवीच्या पायाशी बसणं, असं मी समजत होते. आता कळतं, की शरण जाणं म्हणजे आपली भीती कुणापाशी तरी उघडी करणं.

आईकडून माझ्यात आलेला दोष माझ्या मुलीतही उतरला आहे का, याची रक्ततपासणी येत्या सोमवारी आहे. काल ती म्हणाली, "आई, मले भेव वाटते." मी तिला उगी म्हटलं नाही. म्हटलं, "मलेही वाटते, बाई. सांगत राहा."